पाच उन्हं

शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चौदा होड्या, तीस वल्ही, तेवढीच लाइफ जॅकेटं आणि एक माणूस ठेवलेला असे. होड्या, वल्ही, जॅकेटं दर उन्हाळ्यात मोहिमेवर जात. माणूस जात नसे. तो सगळं मोजून देई, सव्वीस दिवसांनी मोजून घेई आणि मधले दिवस शेड झाडण्यात घालवी. कागदोपत्री तो भांडारपाल होता, पण हा शब्द पगारपत्रकाबाहेर कुणी उच्चारल्याचं ऐकिवात नाही. मुलं त्याला वाळवणकाका म्हणत, आणि पुढे शिक्षकही तेच म्हणू लागले. आपणही काकाच म्हणू.

नववीची मुलं दर वर्षी होड्यांतून नदी उतरत. डोंगरातल्या वरच्या तळ्यापासून खालच्या मोठ्या धरणापर्यंत. रानात तंबू ठोकायचे, पाण्याचे नमुने घ्यायचे, दगडाखालचे किडे मोजायचे, काठावर लोकांनी टाकलेलं पोत्यात भरायचं. पाणी कसं राखावं हे मोहीमबाई शिकवत. त्या जीवशास्त्राच्या, पण वर्गात कमी आणि काठावर जास्त सापडणाऱ्या. आणि होडी कशी वाळवावी हे काका शिकवत. एका पाण्यातली होडी दुसऱ्या पाण्यात घालायची असेल तर आधी तिला पाच उन्हं द्यायची, हा त्यांचा नियम. कारण धरणात एक तण होतं. कोल्ह्याच्या शेपटीसारखं झुबकेदार, म्हणून मुलं त्याला शेपटीच म्हणत. त्याचा बोटभर तुकडा होडीच्या ओलसर फटीत टिकला की नव्या पाण्यात रुजतो, आणि दोन-तीन वर्षांत त्या पाण्याचा श्वास कोंडतो. उन्हात मात्र त्याचा सुतळीसारखा धागा होतो. ढगाळ दिवस मोजायचा नाही. अर्धं ऊन हे ऊन नव्हे.

"माझं धुणं एका उन्हात वाळतं," काकांची बायको म्हणे. "तुमच्या होड्याच तेवढ्या नवसाच्या!"

"धुणं तळ्यात सोडायचं नसतं."

"सोडून बघते एकदा. तुम्हालाही त्यात गुंडाळून."

काकांची एक लांबोडकी वही होती. होडीगणिक एक ओळ, उन्हाला वर्तुळ, ढगाला आडवी रेघ. एकदा मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना शाळेमागच्या तलावात फिरवायला होडी मागितली, तेव्हा तिसरंच ऊन चाललं होतं. काका म्हणाले, "सर, होडी थांबेल तिथेच. पाहुण्यांना थांबवता येतंय का बघा दोन दिवस." अशा गोष्टींनी माणसाचं नाव होतं. खरं बघायला गेलं तर मोहीम दर वर्षी धरणातच संपे आणि होड्या पुढे पाऊस येईपर्यंत शेडबाहेर उन्हात पालथ्या पडून असत. म्हणजे नियम पाळायला काकांना फारसं काही करावं लागत नव्हतं. नियमाची परीक्षा अशी कधी झालीच नव्हती.

ती झाली बाराव्या वर्षी. त्या वर्षी काकांची मुलगी नववीत आली.

अकरा वर्षं त्यांनी लोकांच्या पोरांना वल्ही मोजून दिली होती. आता घरच्या पोरीला द्यायची, तर त्यांनी तीन संध्याकाळी बसून एका वल्ह्याची मूठ पॉलिशपेपरने घासली, स्वतःच्या गालावर फिरवून बघितली. बायको म्हणाली, "लग्नातसुद्धा माझ्याकडे एवढं लक्ष नव्हतं दिलंत." पण तीही पोरीच्या बॅगेत लपवून दुसरा स्वेटर कोंबत होतीच.

नेमकं त्याच वर्षी डोंगरातल्या रस्त्याचं काम निघालं आणि मोहीम उलटी झाली. आधी खालचा, धरणाकडचा टप्पा. मग होड्या शाळेत आणायच्या, वाळवायच्या, आणि रस्ता खुला झाला की ट्रकवर चढवून वरच्या तळ्यावर. मधे पाचच दिवस होते. ट्रक सहाव्या दिवशी सकाळी मिळणार होता आणि त्यानंतर महिनाभर दुसऱ्याच कुणाचा होता. तो हुकला की वरचा टप्पा रद्द. वरचा टप्पा म्हणजे खरी मोहीम. रान, तळं, तळ दिसेल इतकं नितळ पाणी.

पहिले दोन दिवस ऊन असं पडलं की पत्र्याला हात लावता येईना. काकांनी ऐटीत वर्तुळं काढली. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. चौथ्या आणि पाचव्या दिवशीही. पाचव्या दिवशी मुलगी शाळा सुटल्यावर शेडच्या दारात येऊन उभी राहिली. पाठीवर बॅग होती. मोहिमेला अजून एक रात्र बाकी होती तरी.

"बाबा, जमेल ना?"

"बघू."

"तुमचं 'बघू' म्हणजे नाही असतं."

तेवढ्यात मोहीमबाई आल्या. होड्यांवरून हात फिरवला, वर बघितलं, काकांकडे बघितलं. "काका, पाच झाली?"

काकांनीही वर बघितलं. "झाली, बाई."

पोरगी उडी मारून पळाली. संध्याकाळी काकांनी वही उघडली आणि तीन दिवसांच्या जागी तीन वर्तुळं काढली, चौदा ओळींत. रेघेपेक्षा वर्तुळाला थोडासाच जास्त वेळ लागतो. मग मनाच्या समाधानासाठी कोरड्या फडक्याने सगळ्या होड्या आतून पुसल्या. फडक्याला फटीतलं पुसता येत नाही, हे त्यांनीच अकरा वर्षं मुलांना सांगितलं होतं.

मोहीम परतल्यावर त्यांनी होड्या उलटवल्या. सात नंबरच्या मागच्या बैठकीखाली, फोम जिथे सुटला होता त्या फटीत, हिरवं काही दिसलं. चिमटीत धरून ओढलं. बोटभर शेपटी. वरच्या टप्प्यात ती कुठेच उगवत नव्हती, म्हणजे ही धरणातली. ओली होती, मऊ होती, आणि एका टोकाला तुटलेली होती. काकांनी ती पत्र्यावर टाकली. दोन तासांत तिचा धागा झाला. उन्हाने आपलं काम चोख केलं, फक्त मोहीम झाल्यावर केलं.

दोन वर्षांनी वरच्या तळ्यात, होड्या उतरवतात त्या घाटालगत, शेपटी सापडली. पाणी खात्याच्या साहेबांनी आपल्या कचेरीच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. तळ्यात होड्या घालणारे दोघंच. एक ही शाळा. दुसरे काठावर राहणारं एक जोडपं. ते पर्यटकांना तासावर होडी देत, आणि मोहीम उलटी झाली त्याच वर्षी त्यांनी धरणाकडून दोन जुन्या होड्या आणल्या होत्या. बोलायचं काम बायकोचं. तिला सगळे होडीवाली मावशी म्हणत.

शाळेने काकांची वही पुढे ठेवली. साहेबांनी पानं उलटली, एका पानावर थांबले आणि चष्मा काढून पुसला. "पाच पूर्ण दिवस. वा!" मग मावशीकडे वळले. "तुमच्या होड्या किती दिवस वाळवल्या?"

"वाळल्या की. पालथ्याच होत्या."

"किती दिवस? नोंद आहे?"

"होडीची कसली नोंद?" मावशी हसत म्हणाली. "ती काय शाळेत जाते?"

तिच्याखेरीज कुणी हसलं नाही. तिच्या होड्या तळ्याबाहेर काढायचा हुकूम तिथेच लिहिला गेला. वही हातोहात फिरत काकांपर्यंत आली तेव्हा काका उठले. बोलायलाच उठले होते. साहेबांना वाटलं, आभार मानायला उठलेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सभागृहाने वाजवल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा काका खाली बसलेले होते.

पुढे तर कमालच झाली. खात्याने होड्या वाळवण्याचा छापील तक्ता काढला आणि नमुना म्हणून काकांच्या वहीतलं एक पान छापलं. कुठलं, ते सांगायला नकोच. सगळ्या पानांत तेच सर्वांत नीटनेटकं होतं. नीटनेटकं असणारच. पाचातली तीन उन्हं एका बैठकीत भरलेली होती.

अशी सहा वर्षं गेली. मोहीमबाईंनी मोहिमेचे पहिले चार दिवस शेपटी उपसायला काढून ठेवले. आणि काका निवृत्तीला आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं पाठवलंत. या वर्षी तुम्हीही चला, काका." नाही म्हणायला कारण सुचलं नाही. वीस वर्षांत काकांनी ते तळं पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते असं. मधे निळं पाणी, आणि काठापासून पन्नास पावलं आत शेवाळी सतरंजी अंथरलेली. कमरेएवढ्या पाण्यात तीस पोरं वाकून ओढत होती, आणि काठावर ओल्या हिरव्याचे डोक्याइतके उंच ढीग. काकांनी पँट दुमडली आणि उतरले. हाताला तीच मऊ, ओली शेपटी लागली. ओढली की कट्‌कन तुटे आणि मूळ खालीच राही.

शेजारची एक मुलगी घाम पुसत म्हणाली, "काका, ज्यांनी हे आणलं ना, त्यांनाच उपसायला लावलं पाहिजे!"

"लावलंय की," काका म्हणाले.

"कधी?"

"ओढ तू. मुळापासून धर."

दुपारी मुलं जेवायला गेली तेव्हा बाई ढिगापाशी उभ्या होत्या. काकांनी तिथेच सांगितलं. दोन उन्हं, तीन ढग, सात नंबर.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"विचारलं होतंत."

"पण आभाळ मलाही दिसत होतं, काका." त्यांनी पायाने एक सुटलेली शेपटी ढिगावर ढकलली. "मलाही जायचंच होतं."

मग त्या म्हणाल्या, "मुलांना कसं सांगायचं ते मी बघते. होडीवाल्या मावशीला मात्र तुम्हीच सांगा."

मावशी आता मुलं उतरत त्या निवासात चादरी धुवायला होती. व्हरांड्यामागे दोरीवर चादरींची रांग होती आणि ती एक-एक उतरवत होती. काकांना बघून तिने डोळे बारीक केले. "वहीवाले ना तुम्ही? धरा टोक. रिकामे उभे कशाला?"

काकांनी दोन टोकं धरली. दोघांनी चादर ताणली, झटकली, दुमडली आणि टोकं जुळवायला एकमेकांजवळ आली. जवळ आल्यावर काका म्हणाले, "ताई, त्या वहीत मी खोटं लिहिलंय. पाच नव्हती, दोनच उन्हं होती. तण आमच्या होडीतून आलं."

मावशीने टोकं घेतली नाहीत. "आणि आमच्या?"

"तुमच्या किती दिवस पालथ्या होत्या?"

"रंग द्यायला माणूसच मिळेना. अख्खा उन्हाळा अंगणात पडल्या होत्या. तापलेल्या इतक्या की मांजर बसेना."

काका मनातल्या मनात मोजू लागले आणि साठाच्या पुढे त्यांनी सोडून दिलं. "मग तुमच्या नव्हत्याच."

"नव्हत्याच," मावशी म्हणाली, पण ती काकांशी बोलत नव्हती. "आमचे हे चार वर्षं तळ्याकडे पाठ करून जेवले. दारात खुर्ची टाकायचे तीही फिरवून. मी म्हणायची, अहो, तळं काय जीभ दाखवतंय तुम्हाला? तर म्हणायचे, होड्या मी पसंत केल्या, घाण मी आणली, कुठल्या तोंडाने बघू. शेवटी दवाखान्यातही खिडकीकडची खाट नको म्हणाले. दोन वर्षं झाली जाऊन."

चादर दोघांच्या मधे लोंबत होती.

"कशासाठी केलंत?"

"मुलीसाठी. तिची मोहीम हुकली असती."

"गेली का मग?"

"गेली."

"आवडलं का तिला तळं?"

काकांनी निघण्याआधी मुलीला फोन केला होता. ती आता दूरच्या शहरात दातांच्या कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत होती. तळं आठवतं का, असं त्यांनी विचारलं होतं. इथे दुसरं काही सांगता आलं असतं. "तिला फक्त डास आठवतात," ते म्हणाले.

मावशीला हसू फुटलं. खरोखरच फुटलं, आणि फुटलं याचा तिला रागही आला. तिने चादर काकांच्या हातातून ओढून घेतली, आत गेली आणि निवासाची तक्रारवही घेऊन आली.

"लिहून द्या."

"कुणाच्या नावे?"

"ह्यांच्या. नसले तरी ह्यांच्याच."

गरम पाणी येत नाही आणि उशी पातळ आहे या दोन तक्रारींच्या खाली काकांनी लिहिलं. तारखा घातल्या. दोन वर्तुळं काढली, तीन आडव्या रेघा मारल्या. होडीचा नंबर लिहिला आणि सही केली. मावशीने बोट फिरवत एक-एक शब्द वाचला.

"सोमवारी साहेब येतात. दाखवीन."

"दाखवा."

"पुढच्या महिन्यात निवृत्त होताय म्हणे? बाई सांगत होत्या. निरोपाचा समारंभ वगैरे."

"आहे."

"मग सोमवारीच दाखवते."

ती वही कमरेला खोचून पुन्हा दोरीकडे गेली. पुढची चादर उतरवली. काकांनी हात पुढे केला. मावशीने चादरीचा मध्य हनुवटीखाली धरला, दोन्ही हात पसरले आणि एकटीनेच घडी घालायला सुरुवात केली. टोक जमिनीला लागलं, ते तिने पुन्हा झटकलं. दोरीवर अजून नऊ चादरी होत्या. तिने काकांना जा म्हटलं नाही आणि टोकही दिलं नाही. नववी उतरेपर्यंत काका हात तसेच धरून उभे होते.