मालतीताईंची सही

मालतीताई जंतूंशी बोलत. सकाळी जंतू वाढवायची काचेची प्लेट खिडकीपाशी धरून तिच्यावर वाढलेल्या स्ट्रेप्टोकॉकसला विचारत, "काय गो, कोनाकडनं शिकलीस?" औषधाला न जुमानणारं जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ताईंना ते शेजारणीनं विरजण मागून न्यावं इतकं ओळखीचं होतं.

भिवंडीतल्या आमच्या लॅबमध्ये त्या खारबावहून येत. घसा दाखवायला आलेल्या, यंत्रमागावर काम करणाऱ्या लूमवाल्यांना दरडावत, "बची हुई गोली किसको दी? सच बोलो!" मग मला म्हणत, "जंतू शिकतात पोरी, आपनच शिकत न्हाय." मी नवी होते, मला हसू यायचं.

एकदा अंबाडी गावच्या एका बाईच्या जखमेचा नमुना आला. विळा लागून पाय सुजला होता आणि पेनिसिलीन तिला सोसत नव्हतं. त्याऐवजी क्लिंडामायसिन चालेल का, एवढंच डॉक्टरांना हवं होतं. मी निरनिराळी औषधं मुरवलेल्या कागदी चकत्या प्लेटवर ताटातल्या वाट्यांसारख्या ऐसपैस मांडल्या. दुसऱ्या दिवशी क्लिंडामायसिनभोवती जंतू नव्हते. 'चालेल' असं मी लिहिलं, कामाच्या गर्दीत ताईंनी सही केली आणि रिपोर्ट गेला.

दुपारी ती प्लेट त्यांच्या हाती पडली. "एरिथ्रोमायसिनची चकती येवढी लांब का ठेवलीस?" काही जंतूंचं ते न जुमानणारं जनुक झोपलेलं असतं. एरिथ्रोमायसिन जवळ आलं की ते जागं होतं, मग क्लिंडामायसिनचंही काही चालत नाही. या दोन चकत्या शेजारी-शेजारी नसतील तर हे कळतच नाही. ताईंनी नवी प्लेट लावली, पण निकालासाठी थांबल्या नाहीत. लगेच डॉक्टरांना फोन केला. "त्या रिपोर्टवर जाऊ नका. बाईच्या पायाचा सवाल हाय." चूक कोणाची, असं पलीकडून डॉक्टर ओरडलेले मलाही ऐकू आले.

"सही माझी हाय ना? मग माझीच."

नव्या प्लेटवर क्लिंडामायसिनभोवतालचं मोकळं वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूनं सपाट कापलेलं निघालं, म्हणजे जनुक जागं झालं होतं. औषध आदल्या दिवशीच बदललं होतं, पाय वाचला. पण डॉक्टरांनी तक्रार केली. लॅबच्या मालकांनी ताईंचा सहीचा अधिकार काढून मला दिला. मी खरं सांगायला हवं होतं. भ्याले.

पुढची दोन वर्षं ताई आपल्या प्लेट माझ्यापुढे आणून ठेवत. "बघ गो, नीट बघ आनि मग सही कर." त्या बोलण्यात टोमणा नसायचा, याचीच मला जास्त लाज वाटायची.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मालकांनी भाषणात माझ्या अचूक कामाचं कौतुक केलं. सगळ्यांत आधी टाळ्या ताईंनी वाजवल्या.