दामूभाऊचा कोरा चहा

बातमी कळली तेव्हा मी चिमूरच्या बसस्टँडवर उभा होतो. भर दुपार, उन्हानं डोकं भणाणलेलं. फोनवर दामूभाऊची बायको, शेवंतावहिनी होत्या. रडत नव्हत्या. "भाऊजी, तुमचे दोस्त गेले," एवढंच म्हणाल्या, आणि मागून कुणाचा तरी हंबरडा ऐकू आला. दामूभाऊ जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटलं, त्याचा अर्थ न कळण्याइतके आम्ही काही लहान नव्हतो. तरी चंद्रपूरची गाडी येईपर्यंत मी तसाच उन्हात उभा राहिलो. सावलीत जायचंही सुचलं नाही.

दामूभाऊ पोंभुर्ण्याकडचा. चंद्रपूरजवळ एका वीज प्रकल्पाची उभारणी चालली होती, तिथं तो फिटर आणि मी स्टोअरला. यंत्रं चीनमधून आलेली, ती बसवायला माणसंही तिकडचीच. त्यांतले एक ली साहेब. काचेच्या बाटलीत हिरवी पानं टाकून दिवसभर तेच पाणी पीत. हा माणूस गवत पितो म्हणून आम्ही हसायचो. एकदा त्यांनी दामूभाऊला कपभर दिलं, तर या बहाद्दरानं गालातला खर्रा तसाच ठेवून घोट घेतला. सुपारी, तंबाखू, चुना आणि वरून चीनचा चहा! ली साहेबांनी कप काढून घेतला आणि नळाकडे बोट दाखवलं... थुंक, तोंड धू, मग ये. आमच्याकडे खर्रा सोड म्हणून बायको, आई, डॉक्टर सांगून थकतात, माणूस ढिम्म हलत नाही. दामूभाऊनं तो त्या चहापायी सोडला. "तोंड खराब असलं का चहा बोलतच नाई," म्हणायचा. सोडला, पण फार उशिरा सोडला. तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं?

ली साहेब परत गेले, वेड इथंच राहिलं. पुढे दामूभाऊ मोबाइलवरून चिनी चहाचे डबे मागवायला शिकला. प्यायला मात्र माझ्याकडे यायचा, कारण घरी बंदी होती. आमच्या लोकांत दुधाशिवायचा चहा मयताच्या घरी करतात. स्मशानातून माणसं परतली की अंगणात बसून कोरा चहा पितात. शेवंतावहिनींनी तो लहानपणी सख्ख्या भावाच्या मयताला प्यायलेला. नांदत्या घरात कोरा चहा म्हणजे मरणाला आवतण, असं त्यांचं ठाम मत. मी एकटा माणूस, माझ्या गॅसवर कुणाचा पहारा नाही. मग संध्याकाळी माझ्या ओट्यावर दामूभाऊ अख्खा चीन मांडायचा. लोंगजिंग हा चहा हांगचौच्या तळ्याकाठच्या डोंगरांतला. तिकडे पूर्वजांच्या कबरी झाडायचा सण असतो, त्याच्या आधी खुडलेला सगळ्यांत उत्तम, लोखंडी कढईत उघड्या हातानं भाजलेला. थिएक्वानयिन आनशीचा. पडक्या देवळात झाडलोट करणाऱ्या गरीब शेतकऱ्याला देवीनं ते झुडूप दाखवलं म्हणे. दा होंग पाओ वूयीच्या कड्यांवरचा. त्या पानांनी कुणाचं तरी दुखणं बरं झालं, म्हणून झुडपावर तांबडा राजवस्त्राचा झगा पांघरला. आणि पुअर युन्नानचा, भाकरीसारखा थापलेला, खेचरांच्या पाठीवरून डोंगर ओलांडत जाणारा, जुना होईल तसा चवीला चढणारा. मला यातलं अर्धं खोटं वाटायचं. "अबे, झाडाले झगा कोन घालते?" मी म्हणायचो. "तू खर्रा खाय," तो म्हणायचा, "तुले सांगून फायदा नाई."

मग त्याच्या जिभेवर फोड आला. तो फोड नव्हता. नागपूरला अर्धी जीभ काढली, विजेचे शेक दिले, नाकातून नळी घातली. बोलणं बोबडं झालं आणि चव गेली ती गेलीच. वास थोडाफार यायचा. लोंगजिंगचा डबा उघडून तो नाकाशी धरायचा आणि डोळे मिटून पडून राहायचा. मला ते बघवत नसे. एकदा त्यानं मला विचारलं, आता तो कसा लागतो ते सांग. मी घरून पिऊन आलो आणि म्हणालो, बरा आहे, गरम आहे. तो रागानं भिंतीकडे वळला. त्याचं बरोबर होतं. वर्षानुवर्षं खर्रा चघळलेली माझी जीभ, तिला काय कळणार?

वहिनींची जीभ मात्र तेज. भाताचा घास घेऊन धान शेतातल्या कोणत्या बांधीतलं ते सांगतील. म्हणून त्याला त्यांच्याकडूनच ऐकायचं होतं. मी समोर बसलेलो असताना तो म्हणाला, "शेवंते, एक घोट पे. कसा लागते तेवढं सांग मले."

"तुमी जित्ते हा तवर या घरात कोरा चहा नाई होनार," वहिनी म्हणाल्या. "मंग मले काईबी म्हना."

तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. हातापाया पडला म्हटलं तरी चालेल. मला वहिनींचा संताप आला, खरं सांगतो. बाहेर ओसरीवर गाठून मी म्हणालो, "वहिनी, एका कपानं काय होते? मरून राह्यला तो."

"म्हनूनच," त्या म्हणाल्या. "दवा डाक्टर करून राह्यले, धावपळ तुमी करून राह्यले. माह्या हातात काय हाय, भाऊजी? एवढंच तं हाय."

तरी माझा राग काही गेला नाही. दामूभाऊनं शेवटी विचारणं सोडलं. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

तो गेला त्या दिवशी आम्ही स्मशानातून परतलो, तर शेजारच्या बाया साध्या चहापत्तीचं आधण ठेवत होत्या. वहिनी कोपऱ्यातून उठल्या. दामूभाऊच्या उशाशी होता तो डबा घेतला आणि पातेल्यात पालथा केला. कुणीतरी हात धरला, तो त्यांनी झटकला. "आता कोराच करायचा हाय ना? मंग त्याइचाच करतो." खळखळा उकळलेला लोंगजिंग कडू झाला होता. लोकांनी साखर मागून घेतली, काहींनी गुपचूप झाडाच्या बुडाशी ओतला. मी प्यायलो. कप रिकामा होईपर्यंत प्यायलो.

परवा दुपारी पुन्हा गेलो. दामूभाऊची बाज अजून तिथंच आहे, गादी गुंडाळून ठेवलेली. वहिनींनी कपाटातून नवा डबा काढला. त्यानं शेवटी मागवलेला, तो गेल्यावर घरी आलेला. पाणी उकळून खाली उतरवलं, थोडं निवू दिलं, मग पानं टाकली. हे त्याच्याकडून ऐकलेलं सगळं त्यांना पाठ होतं. एक कप माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा घेऊन त्या बाजेसमोर जमिनीवर बसल्या. घोट तोंडात बराच वेळ धरून ठेवला.

"गोड नाई," त्या म्हणाल्या. "पन कडूबी नाई. लाखोळीच्या शेंगा शेकतो ना जी आपन वावरात... तसा लागते."

मी मान हलवली, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी आणखी एक घोट घेतला, आणि बाजेकडे तोंड करून तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.