बावन्न किलोंचा पाहुणा

माझ्या सगळ्या ओळखीपाळखीत खराखुरा चॅम्पियन म्हणावा असा माणूस एकच, आणि पहिल्याच भेटीत मी त्याला विचारलं, "क्यों बेटा, आज स्कूल नहीं?"

त्याचं असं झालं, की ओमानमधल्या बरक्यात एका अर्बाबच्या, म्हणजे इथल्या शेठच्या, तबेल्यात एसी बसवायचं काम आमच्या कंपनीकडे होतं. घोड्यांना एसी, इंजिनियरला, म्हणजे मला, पंखाही नाही. दाराशी उलट्या बादलीवर टोपीवालं एक किरकोळ पोर पाठमोरं बसलेलं दिसलं, आणि दोन मुलींचा बाप असल्यामुळे मला राहवलं नाही. पोर वळलं. चेहरा पन्नाशी ओलांडलेला. ते उठलं, कमरेत वाकलं आणि गंभीरपणे म्हणालं, "स्कूल खलास. थर्टी-फाइव्ह इयर्स." हा गृहस्थ जपानचा नामांकित जॉकी असून इथल्या स्वारांना शिकवायला अर्बाबने मुद्दाम आणलाय, हे मोतद्दाराने मला नंतर सांगितलं. तोपर्यंत माझा त्याच्या डोक्यावरून हात फिरवून झाला होता.

त्याच्या देशात म्हणे लोक त्याची शर्यत बघायला रजा काढत. पण जिंकल्याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही. हरलेल्या शर्यती मात्र तोंडपाठ. कुठल्या वळणावर, कुठल्या घोड्याने, किती नाकभर मागे टाकलं, सगळं. हाडांचाही हिशेब शर्यतींवरूनच. डावी फासळी म्हणजे क्योतो, उजवं मनगट म्हणजे टोकियो, आणि पाऊस यायचा झाला की क्योतो दुखायचं. ओमानात पाऊसच नसल्यामुळे क्योतो सुखात होतं. रोज सकाळी तो प्रत्येक घोड्यापुढे वाकायचा. वर्षभरात निम्मे घोडे उलट मान डोलवायला लागले, हे मी शपथेवर सांगतो. चाऱ्याच्या वजनकाट्यावरून जाताना त्यावर चढल्याशिवाय पुढे जायचा नाही, आणि एक खजूर चार तुकडे करून दिवसभर पुरवायचा.

अशा माणसाला मी चौदा एप्रिलला घरी जेवायला बोलावलं. आल्या आल्या त्याने आमच्या बुद्धमूर्तीपुढे हात जोडले, आणि सुनंदाने, म्हणजे आमच्या हिने, तिथेच ठरवून टाकलं. "अहो, हे तर आपल्यातलेच. वाळलेत बघा किती." मग पुरणपोळ्या सुरू झाल्या. त्याच्याकडे पानात काही टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान, म्हणून तो पान चाटूनपुसून रिकामं करायचा. आमच्याकडे पाहुण्याचं पान रिकामं दिसणं म्हणजे घराची नाचक्की, म्हणून ही लगेच वाढायची. "घ्या हो, एवढीशी तर आहे." तो हसून "थँक्यू मॅडम" म्हणायचा आणि जोरात खायचा, संपावं म्हणून. तो जितका जोरात खायचा, तितकी ही खूश. पाचव्या पोळीवर तुपाची वाटी उपडी झाली. मी पण म्हणत होतो, लाजू नका.

शेवटी पीठच संपलं. तेव्हा त्याने अत्यंत अदबीने विचारलं, घरात वजनकाटा आहे का. उद्या हंगामाची शेवटची शर्यत होती, अर्बाबने एक तांबूस घोडी त्याला दिली होती, आणि सकाळी वजन बावन्नच्या वर भरलं तर घोडी दुसऱ्याला. आमच्या काट्याने सव्वात्रेपन्न दाखवले.

"मग बोलला का नाहीत?" सुनंदा खुर्चीतच बसली.

"मॅडम हॅप्पी," तो म्हणाला. मग मोडक्या हिंदीत त्याने सांगितलं. जपानमधल्या शेवटच्या शर्यतीत तो पडला होता आणि मैदानातून स्ट्रेचरवर बाहेर आला होता. पुढच्या महिन्यात तो कायमचा घरी परतणार. "एक बार, अपने पैर से उतरना."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तूप मी वाढलं नव्हतं, पण ती नजर मी ओळखतो. कपाटातून मुलींचे सिमल्याचे स्वेटर निघाले. ते त्याला बरोबर बसले. भर दुपारी गाडीच्या काचा बंद, हीटर पूर्ण, आणि आम्ही दोघे रुस्ताकच्या रस्त्यावर. पेट्रोलपंपावरचा बांगलादेशी आत डोकावून म्हणाला, "साब, एसी खराब?" मी काय सांगणार, की मी एसीचा इंजिनियर आहे. रुस्ताकला पोचेपर्यंत मी दोनदा राजीनामा द्यायचं ठरवलं. तो शांतपणे घाम गाळत मला एकोणीस हरलेल्या शर्यती ऐकवत होता. परत येऊन मी काट्यावर चढलो, तर दीड किलो उतरलो होतो. त्याच्यापेक्षा जास्त. फुकट गेलं ते सगळं.

सकाळी काटा बरोबर बावन्नवर थांबला. वजन करणाऱ्याने "खलास" म्हणून शिक्का मारला.

आम्ही कुंपणाशी उभे होतो. घोडी सुटली, वळणावर पुढे सरकली, शेवटी दमली. चौथी. टाळ्या पहिल्याला पडल्या, माणसं तिकडे धावली. तो घोडीला चालवत कडेला आला, रिकिबीतून पाय काढला, खाली उतरला, तिच्यापुढे वाकला आणि खोगीर उचलून निघून गेला.

परतताना गाडीत मी म्हणालो, "शेवटच्या शंभर मीटरला लगाम जरा सैल सोडायला हवा होता. तिसरा तरी आला असता, नाही का?"

"कितवा आला ते मला नाही ठाऊक," सुनंदा म्हणाली. "मी त्याच्या बुटांकडे बघत होते हो."