आगळात दोन चमचे सोडा

डोक्यात राख घालून घ्यायची माझी सवय जुनी. त्यामुळे लेकीला शाळेतून काढलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाईने रागाच्या भरात काढलं. तसं नव्हतं हो! आठ वर्षांची पोरगी एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "आई, मॅडम म्हणतात प्रश्न तास संपल्यावर विचारा. तास संपला की त्या निघून जातात." पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं. मी आणि नवऱ्याने दोन महिने विचार करून तिला घरीच शिकवायचं ठरवलं.

बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत भडका उडाला. सासरे मूळचे मालवणकडचे. वडील गेले म्हणून त्यांची शाळा पाचवीतच सुटली आणि पुढे ते मुंबईत गिरणीला लागले. "माका शाळा गावली नाय, आणि हिका गावलेली तुम्ही काढून घेतास?" एवढं म्हणाले आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. शेवटी नवऱ्याने तोडगा काढला. मे संपेपर्यंत पोरीला शिकण्याची गोडी लागलेली दिसली नाही, तर जूनमध्ये पुन्हा शाळा. मी तावातावाने "मंजूर" म्हणून बसले.

आणि मग मी काय केलं? घरातच शाळा काढली! फळा आणला, वेळापत्रक चिकटवलं. साडेनऊला देव्हाऱ्यातली घंटा वाजवायची, मग हजेरी. विद्यार्थी एक, तरी हजेरी! पोरगी उभी राहून "हजर, मॅडम" म्हणायची. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी कसली ऐकतेय. विज्ञानाच्या तासाला मी घसा फोडून पदार्थाच्या तीन अवस्था सांगायचे आणि ती वहीत मांजरं काढायची. मी चिडायचे, ती रडायची, आणि सासरे पेपरामागून सगळं ऐकायचे. त्यांच्या पेपराचं पान कधी उलटत नसे.

मे महिन्यातला शेवटचा रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन नाव घालायचं ठरलं होतं. मी हरले होते आणि मला ते सहन होत नव्हतं.

रविवारची सोलकढी सासरे स्वतः करतात, दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नाही. गावाहून आलेलं कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, त्यांनी पातेल्यात काढलं, चव घेतली, "मेल्या, लय आंबट" म्हणाले आणि नारळ खवायला बाहेर जाऊन बसले. मी मासे साफ करत होते. एवढ्यात मागे फस्स्स असा आवाज झाला. वळून बघते तर पातेल्यात फेस, फेसाखाली ते लालभडक आगळ मळकट निळंकरडं झालेलं, आणि पोरीच्या हातात खायच्या सोड्याचा डबा.

"वाट लागली! काय केलंस हे कार्टे?"

"आजोबा आंबट ढेकर आल्यावर सोडा घेतात ना," ती रडकुंडीला आली. "म्हणून मी दोन चमचे घातला."

सासरे दारात येऊन उभे राहिले. वर्षातून एकदाच येणारं आगळ होतं ते. मी मनात म्हटलं, झालं, आता ऐका. ते पातेल्यात वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "लिंबू हाड गो."

मी लिंबू दिलं. त्यांनी ते पिळलं, पुन्हा फेस आला, दुसरं पिळलं, तिसरं पिळलं, आणि आगळ हळूहळू लाल झालं. पोरगी किंचाळलीच. "आजोबा! परत करा ना, परत करा!"

सासरे गिरणीत रंगखात्यात होते, हे मला ठाऊक होतं. पण त्या खात्यात काय चालायचं, हे लग्नाला बारा वर्षं झाली तरी मी कधी विचारलं नव्हतं. त्या दुपारी ओट्यावर घरातल्या सगळ्या वाट्या मांडल्या गेल्या. कशात सोडा, कशात लिंबू, कशात भांड्यांचा साबण. बीट झालं, जास्वंदीची फुलं झाली. मासे तसेच राहिले आणि आम्ही तीन वाजता वरणभात जेवलो. पोरगी नुसती उड्या मारत होती. मला इतका आनंद झाला की ओरडायचंही सुचेना.

शेवटी तिने विचारलं, "पण आजोबा, लिंबाने रंग परत का येतो?"

हातातली वाटी त्यांनी खाली ठेवली.

"तां माका ठाऊक नाय. वीस वर्सां रंगात ॲसिड ओतलंय मी. एकदा सायबाक इचारलंय, कित्याक ओततत म्हणान. तो म्हणालो, तू ओत, इचारू नको." वाटी पुन्हा उचलत म्हणाले, "मगे मी परत इचारूक नाय."

"मग आपण शोधूया ना!" ती म्हणाली.

सोमवारी सकाळी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. पोरीचा हात धरून ते चपला घालू लागले, तेव्हा न राहवून मी विचारलं, "बाबा, शाळेत निघालात का?"

"वाचनालयात," ते म्हणाले. "आमका दोघांकाय नाव घालूचा हा."