कोरड्या वाटीतली मटकी

बसा, च्या घ्या. आणि आता ऐका, पळीभर पाण्यानं मी सांगलीच्या एका मास्तरांची झोप कशी उडवली ते! माणसानं चूक करावी, पण किती? दहा-बारा शाळांच्या शिकवण्यात खोडा घालावा इतकी? ती मी केली. आज हसून सांगते, कारण निभावलं.

मला लिहाय-वाचाय येत न्हाई. मी सांगते आणि सूनबाई लिहून घेती. म्हंजे लबाडीला जागाच न्हाई! कुठं जरा माझी बाजू सावरून घ्याय गेले की हिचं पेन थांबतं आणि ही चष्म्यावरनं बघती.

तर सूनबाई म्हंजे वैशाली. फलटणच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यात आमची वाडी. शेजारच्या गावातल्या शाळंत ती विज्ञान शिकवती. शाळा सातवीपर्यंत. प्रयोगशाळा म्हणाल तर एक कपाट, आणि त्याची किल्ली कवाच हरवल्याली.

दर महिन्याला आसपासच्या शाळांतली समदी गुरुजी-बाई मंडळी एका शाळंत जमत्यात. त्याला शिक्षण परिषद म्हणत्यात. त्या बारीला केंद्रप्रमुख साहेबांनी वैशालीवर काम टाकलं. नेटवर विज्ञान शिकवायचं काय काय मिळतं, त्यातलं आपल्या शाळांना खरंच उपयोगी काय, ते हुडकून समद्यांना सांगायचं. ती सांगंल ते वर्षभर सगळ्या शाळांत चालणार. पोरीनं लय मनावर घेतलं.

झालं! सांजच्याला भाकरी उरकल्या की आमी दोघी फोनला चिकटायचो. ती हुडकायची, मी बघायची.

एका ठिकाणी एक गोरी बाई हातमोजे घालून काचंच्या नळीत निळं-जांभळं ओतत व्हती. छान दिसत व्हतं. पण काय बोलती ते आमच्या बापजन्मी कळलं नसतं.

"वैशे, ही नळी आपल्या शाळंत हाय का?"

"कपाटात असंल."

"आणि किल्ली?"

"पुढचं बघू, आत्या."

आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्याला मामाच म्हणत्यात बरं का.

पुढचं काढलं, तर त्यात वाजंत्री एवढी की मास्तर दिसतोय पण ऐकू येत न्हाई. तिसऱ्यात एक वाक्य झालं की साबणाची जाहिरात, दुसरं झालं की कर्जाची. चौथ्यात म्हणे बर्फाची लादी घ्या. आमच्या शाळंत माठ हाय, बर्फ कुठनं आणायचा? हिमालयातनं?

वैशाली कंटाळली. आणि मग तिला सांगलीच्या एका मास्तरांचं पान सापडलं. मराठीत! जाहिरात न्हाई, वाजंत्री न्हाई. प्रयोगाला काय लागतं? तर वाटी, चमचा, कापूस, दोरा. एकदा फोनात उतरवून घेतलं की रेंज नसली तरी चालतं. आणि प्रयोग फसला तर का फसला असंल, तेबी खाली लिहिल्यालं.

मी म्हणलं, "ह्यो माणूस खरा. ह्याची वाटी आपल्या वाटीसारखीच चेपल्याली हाय."

वैशाली हसली. पण पोरगी पक्की! म्हणाली, "आत्या, मी स्वतः करून बघितल्याशिवाय कुणाला सांगणार नाही. एक प्रयोग घरात करते. यादीत ह्यांचं नाव पहिलं लिहून ठेवते; जमला तरच राहील."

इथपर्यंत माझा काय गुन्हा? न्हाई ना? आता पुढं.

नवरात्राची पहिली माळ. मी घट बसवायच्या गडबडीत. काळी माती चाळून पत्रावळीत पसरली, धान्य पेरलं, मधी कलश ठेवला. तेवढ्यात वैशाली दोन वाट्या घेऊन आली. दोन्हीत कापूस, कापसावर मटकी. देवाजवळच्या खिडकीत ऊन येतं म्हणून तिथंच ठेवल्या. एस.टी.ची वेळ झाल्याली. चपला घालता घालता म्हणाली, "आत्या, ह्या वाट्यांना हात लावू नका हं!"

एवढंच. प्रयोग काय, कशाचा, तिनं सांगितलं न्हाई आणि मी इचारलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून घटाला पाणी घालाय गेले. बघते तर एका वाटीतली मटकी ओली गच्च, टम्म फुगल्याली. आणि दुसरी? ठणठणीत कोरडी! मला वाटलं, पोरीला शाळंची घाई, एकीला पाणी घातलं आणि दुसरीला इसरली. आता तुमीच सांगा, देवीच्या शेजारी, ऐन नवरात्रात, पेरल्यालं धान्य तहानलेलं ठेवायचं? नऊ दिवस उपास मी करते ते ठीक. मटकीनं का करावा?

घातलं पाणी. चार थेंब.

(सूनबाईचं पेन थांबलंय.)

बरं बाई, पळीभर. आणि रोज! घटाला घातलं की वाटीला. पण हात मात्र लावला न्हाई. वरच्यावर पळीनं सोडायची. शब्दाची पक्की हाय मी.

वैशाली शाळंतनं येईपर्यंत उन्हानं कापूस वरनं वाळल्याला असायचा. तिला काय कळणार?

चौथ्या माळंला ती आली, खिडकीत गेली आणि किंचाळली, "आत्या! कोरड्या वाटीला मोड आले!"

मी कौतुकानं म्हणलं, "यायचेच की! देवीचा शेजार हाय."

"अहो, ती मुद्दाम कोरडी ठेवली होती! पाणी नसलं तर बी रुजत नाही, हेच तर दाखवायचं होतं!"

आता बोलावं का? मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं इचारलं, "कुणी हात लावलाय का वाटीला?"

आणि माझ्या जिभेला काय झालं कुणास ठाऊक! "न्हाई बया! देवीसमोर उभी हाय. हात लावला असंल तर माझा नवरात्र वाया जावो!"

खोटं व्हतं का? नव्हतं. खरं व्हतं का? तेबी नव्हतं! आणि आता देवीला मधी घेतल्यावर मागं कसं यायचं?

वैशालीनं एका झटक्यात इश्वास ठेवला. तेच लय लागलं मला. म्हणाली, "तुम्ही न्हाई म्हणताय म्हणजे न्हाईच. मग हवेतली ओल कापसानं ओढून घेतली असणार. म्हणजे प्रयोगातच खोट आहे."

आमचं मालक फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झाल्यालं. त्यांना कुठं गप बसवतंय! "बराबर हाय पोरी! उसाला पाटाचं पाणी सुटलंय. समद्या हवेत ओल हाय. आमी सरहद्दीवर असताना तर बुटात गवत उगवायचं!"

"खरंच, मामा?"

"एवढं!" म्हणून त्यांनी वीतभर दाखवलं.

मी मनात म्हणलं, आवं, बुटातल्या गवतावर पोरीनं इश्वास ठेवला, आता माझ्या पळीचं कोण ऐकणार?

वैशालीनं तवाच सांगलीच्या मास्तरांना फोन लावला. त्यांच्या पानावर नंबर व्हता. "सर, तुमचा मटकीचा प्रयोग चुकतोय. कापूस हवेतली ओल धरतो. पोरांसमोर असं झालं तर आम्ही काय सांगायचं?"

तिकडनं मास्तर म्हणाले, "ताई, मी कृष्णेच्या काठाला राहतो. माझ्या वाटीत कधी ओल धरली नाही, तुमच्याकडं कशी धरली? वाटीत पाणी गेलं नसेल ना?"

वैशालीला राग आला. "माझ्या सासूबाई दिवसभर घरात असतात. त्या साक्षीला आहेत!"

बघा! गुन्हेगारालाच साक्षीला उभं केलं.

फोन ठेवला आणि यादीतलं पहिलं नाव तिनं खोडलं. एक आडवी रेघ. मला अक्षर कळत न्हाई, पण रेघ कळती. पाचव्या माळंला सांगाय गेले, तर ती मालकांना चढ्या आवाजात म्हणत व्हती, "विज्ञानात खोटेपणा मी खपवून घेणार नाही!" मी परतले. सहाव्याला धीर केला, तर मालक म्हणाले, "काय गं, तोंड का उतरलंय?" मी म्हणलं, उपासानं. आणि मोड आल्याली मटकी सुकू कशी देऊ? पळी चालूच!

आठव्या माळंला परिषद, आणि ती नेमकी वैशालीच्याच शाळंत. सकाळी म्हणाली, "आत्या, तुम्हीपण चला. परिषदेचं कळल्यावर ते सर स्वतःच सांगलीहून येतायत. तुम्ही सांगितलंत की त्यांना पटेल."

दोन एस.टी. बदलून मास्तर आले. सडसडीत माणूस, डोळं खोल गेल्यालं. मांडीवर डबा. त्यात काय? तर त्यांच्या दोन वाट्या! हलू नये म्हणून सांगलीपासनं मांडीवर धरून आणल्याल्या. डबा उघडून म्हणाले, "बघा ताई, तुमचा फोन आल्यापासनं पुन्हा लावला. कोरडी ती कोरडीच."

वैशालीनं आपली वाटी पुढं केली. मोडांना पानं फुटाय लागल्याली. समदी गुरुजी मंडळी एकदा ह्या वाटीत बघत्यात, एकदा त्या. सांगलीला एक विज्ञान आणि फलटणला दुसरं?

मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, गेली कित्येक वर्षं मी हे प्रयोग पोरांना करायला सांगतोय. इतका साधा चुकत असेल, तर बाकीच्यांचा काय भरवसा? मी आज घरी जाऊन सगळं पान काढून टाकतो. कुणाला चुकीचं शिकवायला नको."

आवं, मी काय करून बसले! त्या माणसानं एवढं उभं केल्यालं, आणि मी पळीनं बुडवलं?

केंद्रप्रमुख म्हणाले, "थांबा. आजी, तुम्ही सांगा. वाटीला कुणी हात लावला?"

मी उभी राहिले.

"साहेब, हात कुणी न्हाई लावला."

वैशालीनं मान ताठ केली.

"पाणी मातूर मी घातलं."

वैशालीची ताठ मान तशीच माझ्याकडं वळली.

"किती घातलं, आजी?" मास्तर पुढं आले.

"चार थेंब."

"चार थेंबात पानं फुटत नाहीत."

"चमचाभर."

"आजी..."

"पळीभर! रोज! घटाला घातलं की तिला! तहानल्याली दिसली, न्हाई बघवलं. काय करायचं ते करा, पण त्यांचं पान पुसू नगा. माणूस खरा हाय!"

मी डोळं मिटलं. आता हसत्यात का हाकलत्यात? तर धप्पकन आवाज आला. बघते तर मास्तर बाकावर बसल्यालं, दोन्ही हातांनी तोंड झाकून हसतायत. हसता हसता डोळ्याला रुमाल लावला. "आजी, चार दिवस नीट झोपलो नाही हो! देवासारख्या धावून आलात!"

मग समदी शाळा हसली. माझ्या छातीवरनं जात्याची पाळू उतरवावी तसं झालं. केंद्रप्रमुख म्हणाले, "प्रयोग चुकला की आधी घरातलं कोण काय करतं ते बघायचं, हे आज आपण सगळेच शिकलो."

वैशाली? ती हसली न्हाई. माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "आत्या, मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू 'हात' इचारलास गं. 'पाणी' कुठं इचारलंस?"

तिनं डोक्याला हात मारला. मग पदर तोंडाला लावून खुदखुदली. तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला. तिनं यादी काढली, रेघ मारल्यालं नाव वर पुन्हा लिहिलं आणि समद्यांना वाचून दाखवलं.

आता समद्या शाळा मास्तरांच्या पानावरनंच शिकवत्यात. परवा वैशालीनं मटकीचा प्रयोग पुन्हा उघडला आणि हसाय लागली. मी म्हणलं वाच. प्रयोग करताना काय जपायचं, त्याच्या खाली मास्तरांनी नवी ओळ घातलीया. जलमात शाळंत शिकाय गेले न्हाई, पण हितनं पुढं गावोगावची पोरं शाळंत माझ्यावरची ओळ वाचणार:

"कात्री जपून वापरा. काचेचे भांडे मुलांच्या हातात देऊ नका. कोरडी वाटी आजीपासून लांब ठेवा."