गोठ्यामागची माती

टोमॅटोचं क्रेट भरावं तर आमच्या महाळुंगे पडवळच्या सयाजीआबांनीच. खाली बारके, मध्ये मध्यम आणि वरच्या थराला एकसारखे लालबुंद, ओळीने मांडलेले. नारायणगावच्या बाजारात व्यापारी म्हणायचे, आबा, कधीतरी खालचंही दाखवा. आबा हसायचे. यात काही फसवणूक आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. चारचौघांत जायचं ते नीटनेटकं जावं, एवढाच त्यातला हिशेब. पाहुणे आले की आपण फाटकी गोधडी आत टाकतो आणि नवी सतरंजी अंथरतो, तसंच ते.

सत्तरीला टेकलेला हा माणूस तसा सरळ. कुणाचा बांध कधी कोरला नाही, कुणाचं पाणी तोडलं नाही. खोड एकच, अब्रूला फार जपायचं. त्यांचं ओढ्याकाठचं रान उन्हाळ्यात पांढरं फुटायचं, जमिनीतले क्षार वर येऊन मीठ सांडल्यासारखे दिसायचे. त्या रानाचा विषय निघाला की आबा लगेच पाऊसपाण्यावर घसरायचे.

मागच्या उन्हाळ्यात कृषी खात्याची अक्षदा गावात आली. पोरगी जुन्नरकडची, बोलायला चटपटीत. तिने सांगितलं, ओढ्याकाठच्या सगळ्या पट्ट्याची माती तपासायची आहे, पण प्रत्येकाची वेगळी नाही. आबांचं रान मधोमध आहे, म्हणून त्यांच्या रानातला नमुना सगळ्यांचा धरायचा. रानात आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डे घ्या, माती एकत्र कालवा आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरा. झाडाखालची नको, उकिरड्याची नको, गोठ्याजवळची तर मुळीच नको. आबांनी मान डोलावली.

पण मान डोलावली म्हणजे पटलं असं थोडंच असतं? गावाच्या नावाची चिठ्ठी लावून माती पुण्याला जाणार, तिथे शिकलीसवरलेली माणसं ती बघणार, आणि तिथे पांढरी माती पाठवायची? आबांनी गोठ्यामागच्या वाफ्यातली माती काढली. तिथे वर्षानुवर्षं शेण मुरलेलं, माती काळीभोर आणि भुसभुशीत. ती सावलीत वाळवली, खडे वेचले, वर बायकोची, सरूबाईंची, पिठाची चाळणी घेऊन चाळली. चाळणीपायी म्हातारी दोन दिवस बडबडत होती.

ऑगस्टमधल्या ग्रामसभेत अक्षदाने निकाल वाचला. माती आम्ल की अल्कली ते सांगणारा सामू अगदी मधोमध, क्षार नावाला, सेंद्रिय कर्ब भरपूर. सेंद्रिय कर्ब कशाशी खातात हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं, तरी टाळ्या कडकडून वाजल्या. दहावीच्या निकालात गावचा पोरगा पहिला यावा तसे आम्ही फुगलो होतो. आबांना टोपी आणि नारळ दिला. त्या पट्ट्यातल्या सगळ्यांना आपापल्या नावाची तीच आकडेवारी छापलेली कार्डं मिळाली.

त्यातलं एक वृषालीला मिळालं. तिचं रान आबांच्या बांधाला लागून. नवरा अमृत चाकणला कंपनीत. त्याचं म्हणणं, रान वाट्याने देऊन टाकू, तू तिकडे खोलीवर ये. तिने त्याच्याकडून एक हंगाम मागून घेतला होता. तेवढ्यात पीक काढून दाखवलं तर रान तिच्या हातात राहणार होतं, नाहीतर नाही. तिला फरसबी करायची होती, आणि फरसबीला खारी जमीन अजिबात सोसत नाही. म्हणून आधी चर काढून क्षार धुऊन काढायचे, मग पेरायचं, असं तिच्या मनात होतं. सभा सुटल्यावर तिने आबांना दारातच गाठलं.

"आबा, उन्हाळ्यात माझं रान पांढरं फुटतं, तुमचंबी फुटतं. मग कार्डात ते कसं न्हाई आलं?"

आबांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "यंत्राला आपल्यापेक्षा जास्त कळतं, पोरी," ते म्हणाले.

तोवर जे झालं होतं त्याला अडाणीपणा म्हणता येईल. हे मात्र खोटं होतं, आणि बोलतानाच आबांना ते कळलं होतं. पण भोवती माणसं होती आणि डोक्यावर नवी टोपी होती.

गणपती झाल्यावर वृषालीने चर न काढताच फरसबी लावली. उगवण विरळ झाली. जी रोपं आली त्यांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. पाणी कमी पडतंय असं समजून तिने पाणी वाढवलं, मग जास्त झालं म्हणून तोडलं. दिवसभर ती त्या रोपांत वाकलेली असायची. आबांनी बांधावरून जाणं सोडलं आणि लांबच्या वाटेने रानात जायला लागले. एकदा त्यांनी शेणखताची ट्रॉली तिच्या रानात रिकामी करायला लावली. जादाचं व्हतं, म्हणाले. वृषाली संध्याकाळी घरी येऊन त्यांच्या पाया पडली. आबा त्या रात्री जेवले नाहीत, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

अक्षदा पीक बघायला आली तेव्हा मी तिथे होतो. ती गोंधळून गेली. हा करपा क्षारांचाच दिसतो, पण कार्ड तर स्वच्छ आहे. तिने आबांना बोलावून घेतलं आणि नमुना रानातलाच होता ना, असं विचारलं. आबा म्हणाले, रानातलाच. मग ती आमच्याकडे वळून सांगायला लागली की मातीची तपासणी म्हणजे परीक्षा नव्हे, त्यात पास-नापास काही नसतं. रक्त तपासायला जाताना आपण धडधाकट शेजाऱ्याचं रक्त देतो का? दिलं तर रिपोर्ट चांगला येईल, पण औषध मिळायचं नाही. आम्ही हसलो. आबा खाली बघून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले.

दिवाळीला अमृत घरी आला. पाडव्याच्या सकाळी तो वृषालीला घेऊन आबांच्या ओट्यावर आला. शेजारचे दादाभाऊ, मी आणि आणखी दोघं-तिघं फराळाला बसलो होतो. अमृत म्हणाला, आता रान वाट्याने देतोय, आणि द्यायचं तर तुम्हालाच. सगळ्या पट्ट्यात तुमच्याइतकी माती कुणी जपली नाही. वृषाली खांबाला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली की रान चांगल्या हातात चाललंय, जमिनीचा काही दोष नव्हता, तिलाच जमलं नाही.

आबांच्या हातातली करंजी तशीच राहिली. मग त्यांनी ती ताटलीत परत ठेवली.

"ती माती रानातली नव्हती," शेवटी ते म्हणाले. "गोठ्यामागची व्हती. चाळून दिली. पांढरी माती पाठवायची मला लाज वाटली."

दादाभाऊ फिस्सकन हसले, आणि पाठोपाठ आम्ही सगळेच. माती चाळून देणारा माणूस आम्ही प्रथमच पाहत होतो. दादाभाऊ म्हणाले, त्यात काय एवढं, आमी असतो तर आमीबी तेच केलं असतं. अमृतसुद्धा हसला. आबांचा चेहरा मात्र आमच्या हसण्याने आणखी उतरला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते मला पुढे एकदा म्हणाले.

वृषाली हसली नव्हती. ती खांबापासून पुढे आली आणि आमचं हसू आपोआप थांबलं.

"आबा, मला डोळ्यांनी दिसत व्हतं," ती म्हणाली. "रान खारं हाये हे मला कळत व्हतं. तुमी सांगितलं म्हणून मी माझ्या डोळ्यांवरचा इश्वास सोडला. अख्खा हंगाम मी मलाच अडाणी म्हणत व्हते."

मग ती अमृतकडे वळली आणि रान कुणाला द्यायचं नाही म्हणाली. तिचा हंगाम तिला मिळालाच नव्हता, तो आता हवा होता. अमृतने होकाराची मान हलवली. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ती दोघं निघून गेली तरी त्यांनी मान वर केली नाही.