रिकामं पाणी

"ज्याला रिकाम्या पान्याची लाज वाटते, त्याने मासे पाळू नयेत," प्रिस्का एकदा म्हणाली होती. ऐकणारा हसला. ती हसली नाही.

ही किनाऱ्यावरच्या राजोडी गावची बाई. तीस वर्षं डोक्यावर माशांची टोपली घेऊन विरारच्या इमारतींचे जिने चढली. दारात बसायची, पापलेटाचा कल्ला अंगठ्याने उचलायची आणि आतला लाल रंग दाखवायची. लाल म्हणजे ताजा. एवढ्यावर गिऱ्हाईक मानायचं. मग गुडघे गेले. डॉक्टरने जिने आणि टोपली दोन्ही बंद केली. त्याच सुमारास गाव सोडून जाणाऱ्या एका कुटुंबाने काचेची टाकी आणि सहा गोल्डफिश तिला देऊन टाकले.

प्रिस्काने टाकी घासून लख्ख केली. फिल्टरमधला मळका स्पंज साबणाने धुऊन उन्हात टाकला. ताजं पाणी भरलं, मासे सोडले. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते आणि त्यांचे कल्ले लालभडक दिसत होते. तिने मुलीला, ॲंजेलाला, कौतुकाने हाक मारली. "बघ, कसे तजेलदार!"

आठवडा संपायच्या आत सहाही मासे मेले.

ॲंजेलाने मोबाइलवर शोधून सांगितलं, "मम्मी, ते कल्ले जळत होते. त्यांच्याच घाणीने."

ज्या रंगावर तीस वर्षं घर चाललं, त्याच रंगाने फसवलं. प्रिस्का रडली नाही, चिडली. दुसऱ्यांदा टाकी भरली आणि महिनाभर तिच्यात एकही मासा सोडला नाही. रोज चिमूटभर खाणं रिकाम्या पाण्यात टाकायची. शेजारणी खिडकीतून डोकावून जायच्या. भाऊ ऑस्कर होडीवरून आला की अंगणातूनच ओरडायचा, "आम्ही मासे मारतो, आमची बाय पान्याला जेवू घालते! उद्या बोंबलाला पन हवा घालशील!"

"आधी तुझ्या डोक्यात घालते. तिथे जागा भरपूर हाय."

पण त्या पाण्यात काहीतरी येत होतं. डोळ्यांना न दिसणारे जंतू. प्रिस्का त्यांना कामवाले म्हणायची. ते स्पंजात राहतात, कुजलेलं खाणं आणि माशांची घाण खातात. साबण लागला की मरतात, घाई केली की पुरे पडत नाहीत. महिन्याने तिने दोन मासे सोडले. ते आजही आहेत.

त्यानंतर ती लोकांच्या घरी टाक्या लावू लागली. टाकीखाली थर्माकोल, वाळू तांदळासारखी सात पाण्यांतून धुतलेली, टँकरचं पाणी आदल्या दिवशी काढून ठेवलेलं. आणि पुढे तीन-चार आठवडे नुसतं पाणी. बहुतेकांना तेच सोसायचं नाही. दिवे लावलेली टाकी, आत कोणीच नाही. पाहुण्यांना काय सांगायचं?

जितेंद्र आणि विनिताने विरार पश्चिमेला नवा फ्लॅट घेतला होता. सातवा मजला, चालणारी लिफ्ट. तिथे प्रिस्काने महिन्यापूर्वी टाकी लावून दिली होती. त्याच इमारतीतली आणखी पाच घरं वास्तुशांतीला येऊन टाकी बघणार होती. आवडली तर आपल्या टाक्यांचं कामही प्रिस्कालाच देणार होती. प्रिस्काला ते काम हवं होतं. नाहीतर पुन्हा टोपली, आणि टोपली गुडघ्यांना झेपणार नव्हती.

वास्तुशांतीच्या सकाळी ती झाकणाची बादली घेऊन आली. बादलीत तिच्या घरचं मुरलेलं पाणी, दोन छोटे गोल्डफिश आणि बॅटरीवरचा हवेचा पंप. टाकीत मात्र आधीच नऊ मासे होते. आठ सोनेरी, एक काळा.

"गुरुवारीच आणले," जितेंद्र म्हणाला. "वास्तुवाल्याने नऊच सांगितलेत, मावशी. काळा घरावरचं वाईट ओढून घेतो. तो मेला तर उलट चांगलं, नवा आणायचा."

"दोन फुटाची टाकी. मी दोन सांगितले होते."

"दोन मासे कोण बघायला येतं? आणि बघा तरी, कल्ले कसे लालबुंद! तुम्हीच दाखवायचात ना आमच्या आईला? मासा ओळखायला तुमच्याकडूनच शिकलोय."

मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडझाप करत होते. काळा तळाशी पडून होता.

प्रिस्काने पिशवीतून छोटी नळी काढली, टाकीचं पाणी घेतलं, पाण्यातली घाण दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं. पाणी हिरवं झालं, मग गडद हिरवं.

"हे मासे जळतायत," ती म्हणाली.

"आज नको ना मावशी. लोक येतायत. संध्याकाळी काय ते करा."

"संध्याकाळपर्यंत कोन राहील?"

"मग मेले तर माझे मेले. पैसे मी दिलेत. आणि स्पष्टच सांगतो, आज टाकी रिकामी दिसली तर बाकीच्या पाच घरांचं विसरा."

 प्रिस्का गुडघा धरून टाकीपुढे बसली, बादलीचं झाकण काढलं. जाळीने एकेक मासा उचलू लागली. एक, दोन, तीन. जितेंद्र "अहो, अहो" करत पुढे आला. विनिता स्वयंपाकघरातून हात पुसत आली, नळीतला हिरवा रंग तिने पाहिला, आणि ती नवऱ्याच्या आणि टाकीच्या मध्ये उभी राहिली.

"नेऊ दे त्यांना," ती म्हणाली. "मरणारा मासा बघत मी पुरणपोळी वाढणार नाही."

काळा सर्वांत शेवटी आला. प्रिस्काने त्याला जाळीतून नाही, ओंजळीतून नेलं. पंपाचे बुडबुडे सुरू होते. तिने झाकण लावलं.

लिफ्टमधून पहिले पाहुणे उतरले, पेढ्यांचा खोका, हार, मुलं. त्यांच्या समोर, ईशान्येच्या कोपऱ्यात, दिव्याखाली टाकी चमकत होती. स्वच्छ वाळू, हलणारं पाणी, दुसरं काही नाही.

"यात मासे कुठायत?" एकाने विचारलं.

प्रिस्काने अकरा माशांची बादली उचलली, पदर खांद्यावर घट्ट केला आणि त्यांच्या मधून वाट काढत दाराबाहेर पडली.